आमची कोठेही शाखा नाही

महाराष्ट्रातल्या जुन्या दुकानांच्या पाटीवर नावाखाली एक ओळ हमखास असते: 'आमची कोठेही शाखा नाही.' धंदा वाढवायला शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गात या ओळीला नापास करतील. पण जाहिरातीची नीती म्हणून आज जे शिकवलं जातं, त्यातलं बरंचसं या ओळीत आहे. दावा लहान आहे, खरा आहे आणि तो खोटा असेल तर सिद्ध करायला कोर्टात जावं लागत नाही. पलीकडच्या गल्लीत तशीच दुसरी पाटी दिसली की झालं. ठाण्यात तहसील कचेरीशेजारी १९४६ पासून चालत आलेली मामलेदार मिसळ किंवा कल्याणचा खिडकी वडा यांना कित्येक वर्षं याहून मोठी जाहिरात लागली नाही. एकाचं नाव शेजारच्या कचेरीवरून पडलं, दुसऱ्याचं ज्या खिडकीतून वडा हातात यायचा तिच्यावरून. मामलेदारच्या पुढे शाखाही निघाल्या, ती गोष्ट वेगळी.

ज्या गावांत ही ओळ चालायची ती गावं मात्र आता राहिली नाहीत. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेच्या हद्दीत १८ लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीत साडेबारा लाखांच्या आसपास माणसं मोजली गेली. त्यानंतर घोडबंदर रोड, शीळफाट्याचा रस्ता, टिटवाळा, कल्याणजवळची २७ गावं असं सगळं भरतच गेलं आहे. ठाण्याच्या नौपाड्यात किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर दुकानदार आणि गिऱ्हाईक यांची जुनी ओळख हाच एके काळी ग्राहक संरक्षण कायदा होता. त्या काळाचं फार कौतुक करण्यात अर्थ नाही. मापात पाप तेव्हाही होतं आणि उधारीच्या वहीने बांधलेल्या गिऱ्हाइकाला तक्रार करायची सोय नसे. पण वाईट माल विकणाऱ्याला त्याच गल्लीत तोंड दाखवावं लागे, एवढं खरं.

ओळख गेली तशा तिच्या जागी खुणा आल्या. बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेराचा नंबर, दागिन्यावरचा हॉलमार्क, डब्यावरचा अन्नसुरक्षेचा (एफएसएसएआयचा) चौदा आकडी नंबर, गूगलवरचे तारे, क्यूआर कोड. लहान उद्योजकाच्या जाहिरातीतला नीतीचा प्रश्न आता बहुतेक या खुणांभोवती फिरतो. खूण खरी आहे का? ती काय सांगते आणि काय झाकते? आणि ती तपासायचं काम कोणाच्या गळ्यात पडतं? माझ्या मते तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यावरच सर्वांत कमी बोललं जातं.

आधी घरांकडे बघू, कारण इथल्या माणसाच्या आयुष्यातली सर्वांत महागडी जाहिरात घराचीच असते. 'स्टेशनपासून दहा मिनिटं' हे वाक्य ठाणे, कल्याण, डोंबिवली या तिन्ही शहरांतल्या प्रत्येकाने वाचलेलं आहे. चालत, रिक्षाने, की रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावरून, ते लिहिलेलं नसतं. भिवंडी बायपासला 'ठाणे' म्हणायचं आणि कल्याणच्या पुढच्या दोन स्टेशनांना 'कल्याण' म्हणायचं, हेही अंगवळणी पडलं आहे. ही अतिशयोक्ती लोक मनातल्या मनात वजा करतात, म्हणून ती निरुपद्रवी, असं बिल्डरांकडचे लोक सांगतात. बाहेरगावाहून पहिल्यांदा घर शोधायला आलेल्या माणसाला हे वजाबाकीचं गणित कोणी शिकवलेलं नसतं, हे ते सांगत नाहीत.

महारेरा ज्यातून आलं तो रेरा कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून लागू झाला आणि नोंदणी क्रमांकाशिवाय प्रकल्पाची जाहिरात करणं बेकायदा ठरलं. जाहिरातीवर विसंबून पैसे भरले आणि ती खोटी निघाली, तर व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क कायद्याच्या बाराव्या कलमाने दिला. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा झाला. तो नसेल तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड. वर्तमानपत्रांतल्या आणि मोबाइलवरच्या जाहिरातींवर नजर ठेवायला महारेराने जाहिरात मानक परिषदेची मदत घेतली. कागदावर याहून चांगली व्यवस्था शोधूनही सापडणार नाही.

आणि नेमकं डोंबिवलीत ती व्यवस्था उलटी फिरली. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून महारेराचे खरे नोंदणी क्रमांक मिळवले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तपासासाठी विशेष पथक नेमलं गेलं, आणि १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. हजारो कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर टांगणीला लागलं. रहिवाशांना बेघर होऊ देणार नाही, अशी आश्वासनं नंतर सरकारकडून आली.

या प्रकरणाकडे सहसा भ्रष्टाचाराची बातमी म्हणून पाहिलं जातं. जाहिरातीच्या अंगाने पाहिलं तर ते जास्त अस्वस्थ करतं. इथे जाहिरातीतला नंबर खोटा नव्हता. गिऱ्हाइकाने शहाण्या माणसासारखं वागून संकेतस्थळावर तो टाकून पाहिला असता, तर प्रकल्प नोंदलेला दिसला असता. कित्येकांना बँकांनी कर्जंही दिली होती. खूण खरी, खुणेमागचा कागद बनावट. 'नंबर बघून घ्या' हा जो सल्ला आपण वर्षानुवर्षं एकमेकांना देत आलो, तो पाळणारेच फसले. यात बिल्डर आणि अधिकारी यांच्यामध्ये आणखी एक लहान उद्योजक उभा असतो, त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही: गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून बसलेला इस्टेट एजंट. साइट दाखवायला तोच नेतो आणि दलालीही तोच घेतो. रेराखाली त्यालाही नोंदणी लागते. २०२३ मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन परवानगीचा क्रमांक जुळवून पाहणं हे एका सकाळचं काम. ते पन्नास गिऱ्हाइकांनी पन्नास वेळा करण्यापेक्षा एजंटाने एकदा करावं, यात अवघड काही नाही. पण ते न केल्याने त्याचं काही बिघडत नाही, आणि केल्याने दलाली बुडण्याचीच शक्यता. नंतर महारेराने परवानग्यांची खातरजमा थेट पालिकांकडून करून घेण्याची पद्धत आणली. ती आधी नव्हती हेच मुळात नवल.

सोन्याचं तसंच. आपल्याकडे सराफाशी नातं घरच्या डॉक्टरसारखं पिढ्यान्‌पिढ्यांचं असतं, आणि त्या नात्याच्या जोरावर 'सुवर्ण भिशी' चालते. अकरा हप्ते तुम्ही भरा, बारावा दुकानदार घालेल, वर्षाअखेर दागिना घ्या. भिशी अकरा महिन्यांचीच का, हे फार थोड्यांना माहीत असतं. कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या ठेव नियमांप्रमाणे मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालापोटी वळती झाली नाही, तर ती ठेव ठरते; आणि ठेवी स्वीकारायच्या तर नियमांचं मोठं ओझं येतं. म्हणजे अकरा महिन्यांची भिशी हा दागिन्याचा आगाऊ सौदा आहे, बचत योजना नव्हे. जाहिरातीत मात्र 'बचत', 'परतावा', 'सुरक्षित' हेच शब्द असतात. शब्दांची ही उसनवारी कायद्याच्या दृष्टीने लहान असेल, गिऱ्हाइकाच्या दृष्टीने नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. भिशीला दुकानदाराच्या शब्दाचं.

तो शब्द फिरतो तेव्हा काय होतं, हे डोंबिवली आणि ठाण्याने ऑक्टोबर २०१९ मध्ये पाहिलं. ऐन दिवाळीच्या तोंडावर गुडविन ज्वेलर्सची दुकानं बंद झाली. महिन्याच्या भिश्या आणि बँकेपेक्षा चढ्या व्याजाच्या ठेवी अशा दोन्ही योजनांत लोकांचे पैसे अडकले होते. डोंबिवलीत गुन्हा नोंदला गेला आणि डिसेंबरमध्ये मालकांना अटक झाली. जानेवारी २०२५ मध्ये टोरेस नावाच्या दागिन्यांच्या साखळीने तर मुंबई परिसरातली दुकानं एकाच वेळी बंद केली. त्यांतलं एक कल्याणचं होतं. तिथे मॉइसनाइट नावाच्या कृत्रिम खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला काही टक्के परतावा देऊ केला होता. आठवड्याला! हे गणित बसणार नाही हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. पण दुकान चकचकीत होतं, सुरुवातीला पैसे वेळेवर येत होते, आणि नव्या गिऱ्हाइकाला आणणारा बहुतेक वेळा शेजारी नाही तर ऑफिसातला सहकारी होता. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याने अशा योजनेची नुसती जाहिरात करणंसुद्धा गुन्हा आहे. शेजाऱ्याने व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेला संदेश त्यात बसतो का, हा प्रश्न वकिलांसाठी सोडू. नीतीच्या हिशेबात तो बसतोच.

याउलट हॉलमार्क ही मला आतापर्यंतची सर्वांत यशस्वी खूण वाटते. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की शुद्धता आणि नोंदणी मोबाइलवर दिसते. इथे तपासणीचा खर्च गिऱ्हाइकाच्या अर्ध्या मिनिटाएवढा आहे. म्हणूनच जाहिरातींचा रोख आता शुद्धतेवरून घडणावळीकडे वळला. 'घडणावळ शून्य टक्के' लिहिलेल्या पेढीत 'घट' कोणत्या दराने लावतात आणि जुनं सोनं मोडीत घेताना किती कापतात, हे विचारून बघा. जी गोष्ट तपासता येऊ लागली तिथे लबाडी थांबली आणि जी तपासता येत नाही तिथे ती सरकली, एवढंच.

सेलचंही हेच. 'सर्व साड्यांवर ५० टक्के सूट' यातली मूळ किंमत कधी, किती दिवस, कोणाला लावली होती? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत याबाबत चांगल्या तरतुदी आहेत. जाहीर केलेल्या किमतीला पुरेसा माल देता येण्याची वाजवी शक्यता नसेल, तर तशी जाहिरात आमिष ठरते. टपाल किंवा घरपोच पोचवण्याचा अटळ खर्च सोडून आणखी काही द्यावं लागत असेल, तर तिथे 'मोफत' म्हणता येत नाही. मला त्यातली सर्वांत आवडलेली तरतूद म्हणजे खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, आणि दाव्याच्याच अक्षरांत. मराठीत भलं मोठं 'मोफत' आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी, हे चालणार नाही. ही एक तरतूद जरी ठाण्याच्या राम मारुती रोडवर एक दिवस अमलात आली, तरी निम्म्या पाट्या उतरवाव्या लागतील.

आता घरगुती धंदे. डोंबिवलीला पोळी-भाजी केंद्रांचं गाव म्हटलं तर कोणी रागावणार नाही. नवरा-बायको दोघांनाही लोकल पकडायची असलेल्या घरांनी ही केंद्रं जगवली, आणि त्यांतली कितीतरी बायकांनी स्वयंपाकघरातून सुरू केली. अशा व्यवसायाची जाहिरात चार शब्दांवर चालते: घरगुती, ताजं, शुद्ध, पारंपरिक. २०१८ च्या अन्नविषयक जाहिरात व दावे नियमांनी 'नैसर्गिक', 'ताजं', 'पारंपरिक', 'अस्सल' अशा शब्दांना अटी घातल्या आहेत; फसव्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. तरी 'घरगुती' या शब्दाचा खरा पेच नियमाने सुटत नाही. धंदा वाढतो, स्वयंपाकघर पुरत नाही, एमआयडीसीत गाळा घेतला जातो, दहा बायका कामाला लागतात, चकलीच्या सोऱ्याच्या जागी यंत्र येतं. चव तीच राहते. पाकिटावर 'घरगुती' ठेवायचं का? काहींच्या मते तो चवीचा शब्द आहे, जागेचा नव्हे. मला हे पटत नाही. त्या शब्दाचे गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं ते कमी प्रमाणात, ओळखीच्या हाताने केलं असेल या समजुतीपोटी. त्यापेक्षा 'डोंबिवलीच्या गाळ्यात, दहाजणींनी केलेलं' हे लिहायला काय हरकत आहे? त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, उलट दहा घरांचा रोजगार आहे.

औषधांच्या दाव्यांबद्दल थोडक्यात. १९५४ पासून चमत्कारी उपायांच्या जाहिराती रोखणारा कायदा आपल्याकडे आहे, आणि तेव्हापासूनच लोकलच्या डब्यात मूळव्याध, गुप्तरोग आणि टक्कल यांवरच्या हमखास इलाजांची पत्रकं चिकटलेली आहेत. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतंजलीला जाहीर माफी मागायला लावली तेव्हा मोठ्यांना थोडी जरब बसली. डोंबिवलीत कारखाना असलेल्या विकोची गोष्ट इथे आठवण्यासारखी आहे. आपलं हळदीचं मलम सौंदर्यप्रसाधन नाही, आयुर्वेदिक औषध आहे, हा जाहिरातीतला दावा या कंपनीला अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं झगडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सिद्ध करावा लागला. त्यात कर वाचवण्याचा भाग होताच. पण आपल्या जाहिरातीतलं वाक्य न्यायाधीशांसमोर उभं राहील का, अशी कसोटी किती जण लावून पाहतात?

क्लासेसच्या होर्डिंगांनी दहावी-बारावीच्या निकालानंतर कल्याण, डोंबिवली आणि ठाण्याचे चौक भरून जातात. एकाच मुलीचा फोटो तीन क्लासच्या पाटीवर असतो आणि तिन्ही खरे असतात: एका ठिकाणी ती वर्षभर शिकली, दुसरीकडे सराव परीक्षा दिल्या, तिसऱ्या ठिकाणी मोफत व्याख्यानाला जाऊन बसली. कोचिंगच्या जाहिरातींबाबत १३ नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या सूचनांनी नेमकं यावर बोट ठेवलं आहे. विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम घेतला, किती काळाचा, पैसे भरून की फुकट, हे ठळक सांगायचं. आणि त्याचं नाव-फोटो वापरायची लेखी संमती निकालानंतर घ्यायची, प्रवेश घेतानाच्या अर्जात गुंडाळून नव्हे. ही शेवटची अट सुचवणाऱ्याला क्लासचा अर्ज आतून माहीत असला पाहिजे. तरी जे होर्डिंग सांगत नाही ते या नियमांतही येत नाही: उरलेल्या दोनशे मुलांचं काय झालं? एखाद्या शिक्षकाने सगळ्या वर्गाचा निकाल फळ्यावर लावला, तर ती माझ्या मते या शहरांतली सर्वांत धाडसी जाहिरात ठरेल.

होर्डिंग हा स्वतःच एक प्रश्न आहे. मे २०२४ मध्ये घाटकोपरला १७ माणसं होर्डिंगखाली मेली. त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला कल्याणच्या सहजानंद चौकात एक कोसळलं आणि माणसं जखमी झाली. लहान दुकानदार एवढी मोठी जागा घेत नाही. तो उत्सवाच्या कमानीवर आपलं नाव लावतो, विजेच्या खांबाला फलक बांधतो, झाडाला खिळा ठोकून 'त्वरित कर्ज' लटकवतो. संदेश खरा असूनही जाहिरात अनैतिक असू शकते, याचं याहून सोपं उदाहरण नाही.

मोबाइलवरच्या बाजारात ओळखीची नक्कल करण्याची सोय आहे, म्हणून तिथला गोंधळ वेगळ्या जातीचा. नवं हॉटेल उघडलं की पहिल्या आठवड्यात चाळीस पंचतारांकित अभिप्राय येतात, बहुतेक नातेवाइकांचे. पुढे 'अभिप्राय लिहा, गुलाबजाम फुकट' ही पाटी. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, पण ते ऐच्छिक आहे. खाद्यपदार्थांचे रील करणाऱ्या मुलामुलींना मात्र जानेवारी २०२३ पासून स्पष्ट सूचना आहेत: पैसे घेतले असोत की नुसतं फुकट जेवण, ते साध्या शब्दांत आणि चटकन दिसेल असं सांगायचं. कल्याण स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीवाल्याकडून रीलचे पैसे मागणारा मुलगा त्या सूचना वाचून बसला असेल, अशी आशा करायला हरकत नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटातून नंबर उचलून दिवाळीच्या फराळाची यादी पाठवणं याला कोणी चोरी म्हणत नाही. पण डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संमतीच्या मुख्य तरतुदी लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे. त्यात 'शेजारी आहे म्हणून चालतं' अशी सवलत नाही. साधा रिवाज पुरेसा आहे: एकदा विचारा, नको म्हटलं की पुन्हा पाठवू नका. आणि 'फक्त आजचा दिवस' हे तीन आठवडे रोज लिहू नका.

उद्योजकांच्या जाळ्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण ठाणे आणि डोंबिवलीत ती जोरात आहेत. माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब, अमेरिकेतून आलेलं बीएनआय, ज्ञातींच्या व्यापारी मंडळांच्या सकाळच्या बैठका. मराठी माणसाला 'मला काम द्या' असं चारचौघांत म्हणायची लाज वाटे, ती या मंडळींनी घालवली आणि हे काम मोठं आहे. तिथला खरा धोका वेगळा. दर आठवड्याला कोणाचं तरी नाव सुचवायचं, असा दंडक असला की सुतार चांगला म्हणून नाही, तर गटातला म्हणून सुचवला जातो. ज्याला शिफारस मिळते त्या गिऱ्हाइकाला या बैठकीचा पत्ता नसतो. डॉक्टरांच्या 'कट'ला आपण नावं ठेवतो, पण 'माझा ओळखीचा इंटीरियरवाला आहे' यामागची देवघेव तीच असू शकते. 'मी त्याच्याच गटात आहे' एवढं वाक्य जोडलं की प्रश्न मिटतो. मराठीपणाच्या नावाने केलेल्या विक्रीलाही मी हीच कसोटी लावतो. आपल्या माणसाकडून घ्या, हे आवाहन चुकीचं नाही; पण माल सुमार असताना ते केलं, तर ती आपल्याच माणसाची फसवणूक.

खुणांच्या या कायद्यांत एक समान गोष्ट आहे: लहानांना सूट. लहान उलाढालीच्या खाद्यव्यवसायाला परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. चाळीस लाखांपर्यंतच्या सराफाला हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला रेराची नोंदणी सक्तीची नाही. लहानाला कागदांच्या जाचातून सोडवणं योग्यच आहे. फसव्या जाहिरातीच्या कायद्याला मात्र अशी खालची मर्यादा नाही. पहिल्या चुकीला १० लाख आणि पुढच्यांना ५० लाखांपर्यंत दंड कोणालाही होऊ शकतो. पण दिल्लीतलं प्राधिकरण मानपाड्याच्या गल्लीतली पाटी वाचायला येत नाही. म्हणजे ज्या थरातल्या उद्योजकांबद्दल आपण बोलतो आहोत, तिथे खुणा कमी आणि पहारा त्याहून कमी. 'सगळेच करतात, मी एकटा खरं बोललो तर उपाशी मरेन' हे वाक्य याच थरात सर्वांत जास्त ऐकू येतं, आणि ते निव्वळ निमित्त नसतं. खरं बोलण्याचा खर्च लगेच होतो, फायदा सावकाश आणि बेभरवशाचा.

तो खर्च वाटून घेण्याचा एक जुना प्रयोग आपल्याच अंगणात आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचे संघ ठाणे-डोंबिवलीतही आहेत. शेजारपाजारची कुटुंबं मिळून संघ करतात, महिन्याची यादी भरतात, माल संस्था थेट उत्पादकांकडून घेते आणि वाटपाचं काम सभासद स्वतः करतात. लहान मसालेवाल्याला किंवा पापडवालीला तिथे जाहिरात लागत नाही. माल पारखून घेतला जातो. निवड मर्यादित असते, दारात दहा मिनिटांत काही येत नाही, गोण्या उचलायला माणसं कमी पडू लागली आहेत. तरी तपासणी एकदाच आणि सगळ्यांसाठी होते, हे त्यातलं मर्म कोणत्याही ॲपला साधलेलं नाही. टीसा, कामा यांच्यासारख्या लघुउद्योगांच्या संघटनांना आणि व्यापारी मंडळांना आपल्या सभासदांच्या दाव्यांसाठी असं काही करता येईल. वाद झालाच तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि १९१५ हा मदतक्रमांक आहे, पण ते झालं घाव बसल्यानंतरचं.

अगदी ताजा प्रयोग आंब्यातला आहे. २०१८ मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं; रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर यांच्याबरोबर ठाणे जिल्हाही त्यात आहे. तरी दर एप्रिलमध्ये कर्नाटकचा आंबा 'देवगड'च्या पेटीत शिरून ठाण्याच्या बाजारात उतरतोच. २०२५ च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने प्रत्येक फळावर लावायचा, काढला की फाटणारा स्टिकर आणला. वरचा क्रमांक व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि स्टिकर सोलल्यावर खाली दिसणारा दुसरा क्रमांक जुळवायचा. बागायतदाराला स्टिकर मिळतात ते त्याच्या झाडांच्या हिशेबाने, त्यामुळे बागेत पिकले त्याहून जास्त आंबे विकायला त्याच्याकडे स्टिकरच उरत नाहीत. फळाची तपासणी गिऱ्हाइकाच्या हातात आली, तिचा खर्च बागायतदाराने उचलला. 'देवगड हापूस' छापलेली कोरी पुठ्ठ्याची पेटी मात्र बाजारात अजून कोणालाही, हवी तितकी विकत मिळते.